डाव्या हाताचं पागोटं

मला एका जागी बसवत नाही. जेवताना गुडघा हलतो, बोलताना हात सुटतात, आणि कोणी "जरा स्वस्थ बसा" म्हटलं की डोक्यात तिडीक जाते. ह्या चुळबुळीवरच मी पोट भरलं. पडद्यावर मी आलो की काही करायच्या आधीच लोक हसायचे. शाळेत ह्याच गोष्टीसाठी छड्या खाल्ल्या होत्या.

आमचं गाव पारोळ्यापासून दोन कोसांवर. घरची कपाशी, ज्वारी. आबा, म्हणजे माझे वडील, माझ्या अगदी उलट. सावकाश उठणार, सावकाश बोलणार. महत्त्वाचं काही बोलायचं असलं की आधी पागोट्याचा शेवटचा वेढा सोडायचे, पुन्हा गुंडाळायचे, शेव खोचायचे, मग तोंड उघडायचे. कपाशीचा व्यापारी भाव सांगून ताटकळत बसायचा. बहिणीच्या सोयरिकीला आलेले पाहुणे चहा गार करून बसायचे. वेढा बसेपर्यंत आबांच्या तोंडून होय नाही की नाही नाही. मला त्या वेळी ओसरीवर उड्या माराव्याशा वाटायच्या.

एकोणिसाव्या वर्षी कपाशीची गाडी घेऊन धुळ्याला गेलो आणि तंबूतला सिनेमा पाहिला. तेव्हा पडद्यावरची माणसं मुकी होती, म्हणून पडद्याशेजारी एक माणूस उभा राहून गोष्ट सांगायचा. हा सांगणारा पुस्तकी मराठी बोलायचा, आणि खाली बसलेले शेतकरी जांभया द्यायचे. मला राहवेना. मी बसल्या जागेवरून आमच्या बोलीत राजाचं बोलणं सुरू केलं. राजा राणीला म्हणाला, "काय करी ऱ्हायनी वं, भाकर टाक ना." तंबू हसून आडवा झाला. तंबूच्या मालकाने मला बखोटीला धरून बाहेर नेलं. वाटलं, आता मार बसणार. त्याने दुसऱ्या दिवसापासून कामावर ठेवलं.

आबांनी ह्याला विरोध केला नाही. पागोटं सोडलं, बांधलं आणि म्हणाले, "कपाशी येचाना टाइमले घर ये."

दोन वेचण्यांना गेलो, तिसरीला गेलो नाही. तंबूबरोबर गावं फिरलो, मग एका फिल्म कंपनीत शिरलो. पडणं, बुडणं, लाथा खाणं ही माझी कामं. बोलपट आले तेव्हा पहिल्यांदा मला बोलायला मिळालं, एका गावच्या पाटलाची भूमिका. दिग्दर्शक म्हणाले, "तोंड उघडण्याआधी काहीतरी करा. लोकांना थांबवून धरा." लोकांना कोण थांबवून धरतं हे मला चांगलं ठाऊक होतं.

रंगपटात कमरेपर्यंतचा आरसा होता. एवढा आरसा मी जन्मात पहिल्यांदा वापरत होतो. घरी कोनाड्यात तळहाताएवढा तुकडा असायचा, त्यात एका वेळी एक डोळा आणि अर्धी मिशी दिसायची. सकाळभर त्या आरशासमोर पागोटं सोडत-बांधत बसलो. समोर बसलेले आबा जसे दिसायचे, अगदी तसं आरशातलं सोंग दिसेपर्यंत सोडलं नाही. शेवटी आरशात आबाच उभे राहिले. मला इतका आनंद झाला की मी त्यांना नमस्कार केला.

चित्र चाललं. त्यातलं पागोटं त्याहून चाललं. कंपनीने पुढच्या चित्रात ते घातलं, त्याच्या पुढच्यातही. रस्त्यात लोक मला पाहून डोक्याला हात लावायचे.

ते पहिलं चित्र धुळ्याला लागलं तेव्हा आबा भाऊबंदांना घेऊन गाडीने पाहायला गेले.  मग गावातली पोरं त्यांच्या मागे डोक्याला हात लावत फिरू लागली. पारोळ्याच्या बाजारात व्यापारी त्यांना लांबून येताना पाहून तेच करायचे. आबांनी ती लकब सोडून दिली. हे मला मोठ्या भावाच्या पत्रातून कळलं. पत्राच्या शेवटी होतं, "आबा म्हणतात, तूर्त येऊ नये." तो तूर्त सहा वर्षं चालला. मी त्यांची चीज उचलून आणली होती आणि त्यांच्यापाशी ती उरली नव्हती. हे मला कळत होतं, आणि तरी रोज कॅमेऱ्यासमोर मी तेच करत होतो. स्वतःची लाज वाटायची. लाज वाटली की हात जास्तच सफाईने चालायचा.

आमच्याकडे श्रावणात कानबाई देवी बसते. तिच्या नैवेद्याच्या रोटांसाठी, जाड पोळ्यांसाठी, गहू घेतात तो घरातल्या पुरुषांच्या हिशेबाने, माणशी सव्वा मूठ. पाळण्यातल्या पोराचीही मूठ धरतात, परगावी असलेल्याचीही. ते रोट फक्त भाऊबंदांनी खायचे, आणि पौर्णिमेच्या आत संपवायचे. बाहेरच्याला द्यायचे नाहीत, गावाबाहेर न्यायचे नाहीत, टाकायचे नाहीत. आमच्या घरी मूठ आबा घालायचे. सहा श्रावण मला एकच गोष्ट खात होती: माझी मूठ घालतात का? पत्रात विचारायची हिंमत नव्हती. श्रावण लागला की मी वाक्यं विसरायचो, लोकांवर ओरडायचो. कंपनीतले म्हणायचे, ह्यांना पाऊस मानवत नाही.

सातव्या श्रावणात कंपनीच्या व्यवस्थापकाला सांगून निघालो. मंगळवारी माझं काम होतं, सोमवारी तिथून निघ म्हणाले. शनिवारी जळगावला उतरलो. लढाईचे दिवस, पेट्रोल मिळेना, धुळ्याकडे जाणारी मोटार कोळशाच्या गॅसवर चालायची. चढ आला की ती धापा टाकायची, आणि मी खाली उतरून तिच्याबरोबर चालायचो. बसवतच नव्हतं. एका थांब्यावर कोणीतरी ओळखलं. "भाऊ, करी दखाड ना पागोटं." डोक्यावर टोपी होती तरी करून दाखवलं. सगळी मोटार हसली. मला त्या माणसाला चार लगावाव्याशा वाटल्या, आणि स्वतःला आठ. पारोळ्याला उतरून गावापर्यंत जवळजवळ पळतच गेलो.

घरी पोचलो तेव्हा ओसरीवर परात मांडली होती. शेजारी गव्हाची टोपली. वहिनी जातं पुसत होती. भाऊ आणि त्याची दोन मुलं भिंतीशी बसली होती, आणि काका, आबांचे धाकटे भाऊ. आबा टोपलीपाशी बसले होते, डोक्यावर पागोटं, हात मांडीवर अगदी गप्प. मी उंबऱ्याशी उभा राहिलो. कोणी ये म्हणालं नाही, जा म्हणालं नाही. आबांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि टोपलीत हात घातला.

पहिली मूठ त्यांची स्वतःची, आणि वर चिमूटभर, तो सव्वा. दुसरी काकांची. तिसरी भावाची. चौथी, पाचवी पोरांची. मी मोजत होतो. टाचेने उंबऱ्याचं लाकूड वाजवत होतो. पाचव्या मुठीनंतर आबांचा हात थांबला. टोपलीत अर्ध्याहून जास्त गहू होता.

"तू उलटं करस," आबा म्हणाले.

मला काही कळेना. काकांनी मान खाली घातली.

"मी जेवना हात लावस. तू डावा लावस. लोके म्हनतीन, ह्या घरना मानसे पागोटाले डावा हात लावतस."

मग त्यांनी उजवा हात उचलला, पागोट्याचा वेढा सोडला, सावकाश गुंडाळला आणि शेव खोचला. सहा वर्षांनी. वहिनीचं जातं पुसणं थांबलं होतं. मला तेव्हा उभ्या उभ्या आरशासमोरची सकाळ आठवली आणि माझी चूक माझ्या ध्यानात आली. आरशातलं सोंग आबांसारखं दिसत होतं, म्हणजे आरशाबाहेरचा मी उलटा होतो. दिग्दर्शकाला, कॅमेरावाल्याला, हजारो प्रेक्षकांना ते दिसलं नव्हतं. सहा वर्षं मी साऱ्या मुलखाला दाखवत होतो की माझा बाप डाव्या हाताने पागोटं सोडतो.

"कर," ते म्हणाले.

भावाने आपला पटका माझ्या डोक्यावर ठेवला. मी उजवा हात लावला. हात अडखळला, वेढा कानावर घसरला, धाकटं पोर फिसकन हसलं. आबांनी पुन्हा करायला लावलं. तिसऱ्यांदा जमलं.

"आते बरोबर," म्हणाले, आणि टोपलीत हात घालून सहावी मूठ परातीत घातली. वरची चिमूटही विसरले नाहीत. मी खाली बसलो. बराच वेळ बसलो.

रविवारी कानबाई बसली, सोमवारी विसर्जनाला नदीवर गेली. दुपारी मी पिशवी भरायला घेतली. माझ्या वाटचे रोट कापडात बांधलेले होते, अजून निम्मेही संपले नव्हते. ते बरोबर नेता येणार नव्हते. वहिनीला म्हटलं, "ह्यांचं काय?"

"जा तुम्ही. आबा खातीन," ती म्हणाली. "दरसाल तेच खातस तुमना वाटा. दुसराले हात लावू देतस नही."

आबांच्या तोंडात तेव्हा मोजून पाच-सहा दात होते. चौथ्या दिवसाचा रोट दगडासारखा होतो. सहा वर्षं ते माझा वाटा दुधात बुडवून पौर्णिमेच्या आत संपवत होते, आणि मी तिकडे श्रावणात लोकांवर ओरडत होतो. मला रडू आलं. वहिनी चुलीकडे वळली.

पिशवी पुन्हा खुंटीला लावली. मंगळवार गेला. बुधवारी पारोळ्याहून तार आली, कंपनीची. खिशात घातली आणि रोट खाल्ला. बुधवार-गुरुवार कसे काढले माझं मला ठाऊक. शेतावर चार चकरा, विहिरीवर सहा, ओसरीवर किती ते विचारू नका. आबा म्हणायचे, "बठ," मी बसायचो, आणि घटकाभराने उठायचो. पण पौर्णिमेपर्यंत माझा वाटा मीच संपवला.

ती भूमिका दुसऱ्या नटाला गेली. कंपनीने पागोटंही त्यालाच दिलं, ते चित्रात ठरलेलंच होतं. पुढे ते चित्र धुळ्याला लागलं तेव्हा आबा म्हणाले, पाहू. मी नको नको म्हणत होतो. माझी जागा दुसऱ्याने घेतलेली पाहायला कोणाला आवडतं? पण गेलो, आबा, भाऊ आणि मी. आबांना डोळ्यांनी कमी दिसू लागलं होतं, म्हणून पुढे बसलो. माझा गुडघा हलत होता.

पाटील पडद्यावर आला. पोशाख माझा, मिशी माझी. लोक हसायला लागले. तो गडी माझीच चित्रं पाहून शिकला होता. त्याने डोक्याला डावा हात लावला.

आबा जागेवरून अर्धे उठले आणि साऱ्या थिएटरला ऐकू जाईल असं म्हणाले, "हाऊ मना पोऱ्या नही. हाऊ उलटं करस."