पुसलेल्या पावलांखालची भेग

"आधी आपली पावलं पुसा, मग जमिनीच्या रेघा वाचा," असं माझी आत्या उठता-बसता म्हणायची. घर झाडतानाही म्हणायची, म्हणून आम्हाला ते केरवाऱ्याबद्दलच वाटे.

तिची हयात जमिनीच्या पोटातले आवाज वाचण्यात गेली. जमिनीला वरून हादरा द्यायचा, खालच्या खडकावरून परतलेला आवाज ओळीनं अंथरलेल्या तारांवर टिपायचा आणि संगणकावर त्याचं चित्र काढायचं. निवृत्त होऊन ती आमच्याकडे आली, ती जुना संगणक आणि फुकट मिळणारं सॉफ्टवेअर घेऊन.

"फुकटचं कसलं खरं सांगतंय?" वडील चिडवायचे.

"दादा, तुझा सल्लाही फुकटच असतो. ऐकतेच ना मी?"

त्या वर्षी आमच्या गावच्या दवाखान्याची विहीर आटली. पाण्यावाचून बाळंतिणींना परत धाडायची वेळ आली. बोअरवाला एका भोकापुरताच थांबणार होता. खडक कठीण, पाणी असलंच तर भेगेत. भेग दाखवायची आत्यानं. या भागाचं जुनं सर्वेक्षण तिच्याच कचेरीनं केलेलं, ते तिनं मागवून घेतलं.

सॉफ्टवेअर प्रत्येक जागचा आवाज शेजारच्या आवाजाशी ताडून बघतं. जुळला तर खडक अखंड, नाही जुळला तर तिथं काळी रेघ, म्हणजे भेग. पडद्यावर रेघा उमटल्या, एकीशेजारी एक, ताठ. सगळ्यात ठळक रेघ दवाखान्याच्या फाटकातून गेलेली. आत्यानं तिच्यावर बोट ठेवलं आणि बोअरवाल्यानं फाटकात यंत्र उभं केलं.

दुसऱ्या सकाळी पडद्याकडे बघता बघता आत्याचा चहा निवला.

"इतक्या सारख्या अंतरावर जमीन तडकत नसते," ती म्हणाली. "या रेघा म्हणजे सर्वेक्षणात अंथरलेल्या आमच्या तारांच्या ओळी. आमचीच पावलं. घाईत पुसायची राहिली."

तशीच ती फाटकाशी गेली. "चुकले मी. इथं भोक पाडू नकोस."

"बाई, यंत्र आहे हे. खाट नव्हे, ऊन आलं की सावलीत ओढायला."

"मग पाड, आणि बस कोरड्या भोकात पाय सोडून."

बोअरवाला हसला आणि विडी पेटवून बसला.

आत्यानं मूळ नोंदींतून तारांच्या खुणा काढल्या आणि सगळं गणित नव्यानं मांडलं. पडदा जवळजवळ कोरा झाला. उरली एकच रेघ, वाकडी, पुसट, दवाखान्याच्या धुण्याच्या दगडामागून गेलेली.

"हीच खरी कशावरून?" दवाखान्यातल्या नर्सनं विचारलं.

"हिला आमच्या तारांची दिशा ठाऊक नाही."

यंत्र दगडामागं हललं. दुपारपर्यंत नुसती पांढरी भुकटी उडत होती. आत्या दगडावर बसून होती. मग भुकटीचा चिखल झाला, आणि चिखलामागून पाणी आलं. बोअरवाल्यानं टोपी काढली. नर्सनं पहिली बादली भरली आणि उभ्या जागी डोळे पुसले. त्या पाण्यानं न्हालेली लेकरं आज माझ्या अंगणातून शाळेला जातात.

आत्यानं हातपाय धुतले. "येते मी. संगणक चालूच राहिलाय," म्हणाली आणि निघाली. तापल्या फरशीवर तिची ओली पावलं उमटत गेली. बोअरवाला, बादली धरलेली नर्स आणि मी, ती वळणाआड जाईपर्यंत बघत राहिलो.