रिकामा परतलेला डबा

प्रिय गौरी आणि अमेय,

नाताळच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या बसने मी विरारहून गिरीजला निघाले. पिशवीत रव्याच्या लाडवांचा स्टीलचा डबा होता. हाच डबा आदल्या दिवशी फिलोमिनाकडून घासूनपुसून, पण रिकामा परत आला होता. फिलोने आणि मी एकाच शाळेत तीस वर्षं शिकवलं. आमच्याकडे कुणाचं भांडं रिकामं पाठवत नाहीत. घरात काहीच नसलं, तर निदान चिमूटभर साखर घालतात.

कारण मला ठाऊक होतं. आमच्या सोसायटीत फाटकावरच्या सणाच्या फलकावरून दोनदा भांडणं झाली, तेव्हा कमिटीने शुभेच्छांचा मजकूर माझ्यावर सोपवला. मी सणाचं नावच गाळलं : ‘सर्वांना या आनंदी दिवसांच्या शुभेच्छा.’ एकही तक्रार आली नाही. मग नाताळसाठी फिलोला पाठवायच्या फराळाच्या डब्यावर चिठ्ठी लावताना मी तीच ओळ उतरवली.

बसमध्ये शेजारी अर्नाळ्याची एक मासेवाली मावशी रिकामी पाटी मांडीवर घेऊन बसली होती.

“कुनाकडं, बाय?”

“मैत्रिणीकडे. सण आहे तिचा.”

“सनाला नाव नाय काय? नाताल म्हना की!” ती खळखळून हसली.

गिरीजला उतरले. केळीच्या वाड्या (बागा) अजून आहेत, पण त्यांच्या डोक्यावरून आता इमारती डोकावतात. दारोदारी कागदी तारे टांगलेले. फिलोच्या अंगणात गव्हाणीचा देखावा होता, शेजारी खरं गवत.

“या, बसा,” फिलो म्हणाली. एरवी मला ती ‘अगं’ म्हणते. चहा सोनेरी काठाच्या कपातून आला. माझा नेहमीचा, कान तुटलेला कप फळीवरच होता. बशीत नेवऱ्या (करंज्या) होत्या.

“फिलो, कुणाला वाईट वाटू नये म्हणून तसं लिहिलं गं.”

“नाताळ म्हटल्याने कुणाला वाईट वाटतं? त्याचं नाव सांगा.”

मी हातातली नेवरी बशीत परत ठेवली.

“चिठ्ठी वाचायला घरात मी एकटीच होते,” ती म्हणाली. “मी गेल्यावर काय लिहाल? ‘सर्वांना शांती लाभो’?”

मी घाईघाईने म्हटलं, “नाताळच्या शुभेच्छा, फिलो.”

“थँक्यू,” ती म्हणाली. तीस वर्षांत हा शब्द आमच्यात कधी आला नव्हता.

तिने लाडू ताटलीत काढून घेतले आणि डबा झाकण लावून हातात दिला. परतीच्या बसमध्ये मी तो उघडला. तळाशी चिमूटभर साखर होती.

मुलांनो, ती ओळ मी तुमच्या दिवाळीच्या कार्डावरून घेतली होती. किती नीटनेटकी वाटली होती तेव्हा! ते कार्ड अजून माझ्या टेबलावर आहे. काल पुन्हा वाचलं. त्यात ‘आजी’ हा शब्द कुठेच नाही.