वारं लागू नये म्हणून

माझं पहिलं बाळंतपण चाकांवरच्या खोलीत झालं असं सांगितलं की लोकांना मी थट्टा करतेय असं वाटतं. मूल बारामतीच्या दवाखान्यातच झालं, पण पुढचं तेलपाणी सगळं त्या गाडीत. नव्वदच्या दशकातली गोष्ट. नवरा कालव्याच्या दुरुस्तीवर सुपरवायझर होता आणि काम सरकेल तसं आमचं बिऱ्हाड सरकायचं. म्हणून कंत्राटदारानं भंगारातल्या एका मिनीबसच्या सीटा काढून तिची खोली करून दिली होती. पुढं पलंग, मध्ये पडदा, मागं पत्र्याची मोरी. आधी गाडी जळोची गावाच्या कडेला उभी होती. माझे दिवस भरत आले तेव्हा काम कळंबकडं गेलं. कळंब माझं माहेर, पण माहेराला तेव्हा छप्परच नव्हतं. भावानं जुने पत्रे उतरवून स्लॅबचं काम काढलं होतं. मग आईच वळकटी घेऊन आमच्या गाडीत राहायला आली.

मोरीत गॅसचा गिझर होता. नळ सोडला की आत भप्पकन जाळ व्हायचा आणि कढत पाणी यायचं. त्याच्या बरोबर वर, छताला एक वाटोळं भोक होतं आणि भिंतीच्या पत्र्यात हवेसाठी चार फटी ठेवलेल्या होत्या. कळंबला गाडी उघड्या माळावर उभी राहिली आणि गिझर रुसला. पौषातलं वारं सुटलं होतं. पाणी जरा कोमट व्हायचं की जाळ विझायचा. अंगाला तेल चोपडलेली मी पाटावर कुडकुडत बसायची आणि नवरा काडेपेटी घेऊन परत परत पेटवत बसायचा.

बिघडलेली वस्तू दिसली की त्याचे हात शिवशिवायचे. आमच्या लग्नात आलेलं घड्याळ त्यानं असंच दुरुस्त केलं होतं, ते अजून बंद आहे. गिझरची त्यानं टाचणीनं भोकं साफ केली, पाण्याची जाळी धुतली, रेग्युलेटरचा वॉशर बदलला. जाळ विझायचा तो विझायचाच. शेवटी तो म्हणाला, “ह्याच्यात बिघाड काय न्हाय. वरच्या भोकातनं वारं शिरतंय, त्यानं इझतोय.”

“मग मी काय येगळं म्हणत हुते?” आई म्हणाली. “बाळंतिणीच्या खोलीत वाऱ्याला वाट कशाला पायजे?”

आमची मूळची मेंढरांमागं फिरणारी माणसं. मी जन्मले तोवर मेंढरं विकून शेतात ऊस आला होता, पण आईचं सगळं तरुणपण रानात गेलं होतं. लांडग्याला ती भीत नव्हती, सापाला भीत नव्हती. बाळंतिणीला लागणाऱ्या वाऱ्याला मात्र ती लहान पोरासारखी भ्यायची. माझे कान तिनं फडक्यानं आवळून बांधले होते, शिवाय आत कापूस. मी चिडले की ती आणखी एक गाठ मारायची.

नवरा कामावर गेल्यावर तिनं जुनं लुगडं फाडलं. फटींत चिंध्या कोंबल्या आणि छतातल्या भोकात काठीनं एक गच्च बोळा बसवला. संध्याकाळी गिझर पेटवला तर जाळ हललासुद्धा नाही. नवरा खूश झाला. सासू-जावयाचं एवढ्या एका गोष्टीवर एकमत झालेलं मी पहिल्यांदाच पाहिलं, आणि मीही सुटकेचा निःश्वास टाकला.

पुढं जाळाचा रंग बदलला. आधी निळा असायचा, आता पिवळा आणि आळसटल्यासारखा. मी म्हटलं तर नवरा म्हणाला, थंडीनं गॅस तसाच जळतो. मग माझं डोकं दुखायला लागलं. मोरीतून बाहेर आले की कपाळ ठणकायचं, मळमळायचं. आई म्हणायची, “डोस्क्यात वारं भरलंय,” आणि दाराच्या फटीत आणखी एक चिंधी जायची. दुपारनंतर बरं वाटायचं. ओली बाळंतीण आहे, व्हायचंच, अशी मीही स्वतःची समजूत घातली. पण उद्या परत त्या मोरीत जायचं आहे या विचारानं मला भीती वाटायला लागली होती, आणि ती कुणाला सांगावी तर हसतील.

एके दिवशी आईनं आधी मला न्हाऊ घातलं. नळ चालूच होता. मग ती पाय पसरून बसली आणि बाळाला नडग्यांवर पालथं घेतलं. माझी लेक अंगावर पहिला तांब्या पडला की जी किंकाळी फोडायची, ती कालव्यावरच्या माणसांना ऐकू जायची. आईनं पहिला तांब्या ओतला. दुसरा ओतला. पोरगी रडली नाही.

“शानी झाली गं,” आई म्हणाली. तिची जीभ जड झाल्यासारखी वाटली. “सुख लागलं बघ.”

“आई, ती रडंना.”

“चांगलं हाय की.”

तिनं बाळाला उलटं केलं. गाल चांगले लालबुंद होते. पण हात नडगीवरून घसरून खाली लोंबला आणि तसाच राहिला. उठायला गेले तर पायच नव्हते. पाटावरून खाली पडले, गुडघ्यांवर रांगत आईजवळ गेले आणि बाळाला ओढून घेतलं. आईनं माझं मनगट धरलं.

“दार उघडू नगं. ओलं लेकरू हाय, वारं लागंल.”

मी तिच्या हाताला चावले. आईच्या हाताला. पडदा ओढत, खोलीतून सरपटत गेले, कडी काढली आणि पायरीवरून बाळासकट खाली मातीत बसले. माळावर वारं भणाणत होतं. मी तिच्या नाकाशी बोट धरलं, पण त्या वाऱ्यात श्वास कुठला आणि वारा कुठला ते मला कळेना. इतकी भ्यायले मी आयुष्यात कधी नव्हते, नंतरही नाही. मागं आई दाराला धरून ओकत होती. मी लेकीचे तळवे चोळत राहिले, पाठीवर थापा मारत राहिले. किती वेळ गेला देव जाणे. मग ती एकदा शिंकली, आणि रडली.

कालव्यावरची माणसं धावली. आम्हाला टेम्पोत घालून बारामतीला नेलं. डॉक्टरांनी सगळं विचारून घेतलं आणि नवऱ्याला असं झापलं की त्याची मान वर होईना. लेक वाचली होती.

परत आल्यावर त्यानं काठीनं छतातला बोळा पाडला. आई पलंगाच्या कडेला बसून बघत होती. तिला बोल लावावा असं त्याच्या मनात नव्हतं, समजावून सांगावं एवढंच होतं.

“मामी, जाळाला हवा कमी पडली की त्यो इखारी वाफ सोडतो. वास न्हाय, धूर न्हाय. मानूस झोपतं ते झोपतंच.”

आईनं विचारलं, “निखाऱ्याचं बी तसंच अस्तं का?”

“का वो?”

“हिच्या आधी मला एक ल्योक हुता.” हे ती माझ्याकडं न बघता बोलली. माझ्या आधी आणखी एक भाऊ होता हे मला तेव्हा कळलं. “मेंढरं घिऊन आमी रानात हुतो. लई गारठा. म्या पालाला चारी बाजूनं घोंगड्या शिवून घेतल्या, आत निखाऱ्याचं घमेलं ठिवलं. सकाळी माझं डोस्कं फुटत हुतं. पोरगं उठलंच न्हाय. मला वाटलं, कुठनंतरी वारं शिरलं.”

नवऱ्यानं माझ्याकडं पाहिलं. ह्या माणसाला कधी खोटं बोलता आलं नव्हतं.

“न्हाय मामी,” तो म्हणाला. “निखाऱ्याचं तसं नसतं.”

“बरं,” आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिनं बाहेर तीन दगडांच्या चुलीवर पाणी तापवलं, पाट गाडीबाहेर नेला आणि भर वाऱ्यात, उघड्या माळावर माझ्या लेकीला न्हाऊ घातलं. पोरगी किंचाळत होती. आई तिला थोपटत नव्हती, उगी म्हणत नव्हती. “रड,” म्हणत होती, “आनखी रड.”