जमिनीवरची ड्युटी

जवळ ये, सुषमा. कागदावरच का होईना, खुर्ची ओढ अन् माझ्यापाशी बस, कारण आज तुझी मावशी तुला थोडी रागावणार आहे. परवा फोनवर तू मोठ्या कौतुकानं सांगितलंस की नव्या वॉर्डात तू रोज प्रत्येक पेशंटच्या कपाळावर हात ठेवून मोठ्यानं प्रार्थना करतेस. पेशंटला आधी विचारतेस का वं? नाही ना. मीही विचारलं नव्हतं. मिलिटरी नर्सिंगमध्ये तीस वर्षं काढलेली, लेफ्टनंट कर्नलची रँक, तरी विचारलं नव्हतं. त्याचं काय झालं ते वाच, मग पुढचं तुझं तू ठरव.

माझं शेवटचं पोस्टिंग नागपूरलाच मिळालं, घरच्या गावी. कोरोनाची दुसरी लाट होती, एप्रिल महिना. माझ्या वॉर्डात तीस खाटा, बहुतेक पेशंट रिटायर्ड फौजी. ड्युटी सहा तासांची. सात चाळीसला पीपीई सूट चढवायचा, आठला आत, दोनला बाहेर. मधे पाणी नाही, बाथरूम नाही. कूलर लावायला मनाई. सूटमध्ये सगळे सारखेच दिसतो, म्हणून छातीवर मार्करनं नाव लिहायचं.

माझ्या हाताखाली हवालदार सायमन साळवे होता. नर्सिंग असिस्टंट, राहणारा नागपूरजवळच्या वाडी गावचा. चर्च आमचं एकच, पण तो शेवटच्या बाकावर बसायचा. कधी बायबलमधलं वचन म्हणणार नाही, देवानं आपल्यासाठी काय केलं याची साक्ष द्यायला कधी उठणार नाही. मला तो जरा कोरडाच वाटायचा. वॉर्डात मात्र कोणाचा चष्मा उशीखाली गेला, कोणाला चहात साखर नको, कोणाच्या उजव्या कानाला ऐकू येत नाही, हे सगळं त्याला कागद न पाहता ठाऊक.

नऊ नंबरच्या खाटेवर नाईक ढोबळे होते. वय अडुसष्ट, पारशिवनीकडचे, मिरचीची शेती. ऑक्सिजनच्या मास्कवर होते, पण कालपासून तब्येत थोडी सावरली होती. त्या सकाळी सव्वाआठला मी राउंड घेत त्यांच्याजवळ आले. रोजच्यासारखा बाकीच्यांच्या कपाळावर हात ठेवला होता, तसा त्यांच्याही ठेवला, डोळे मिटले आणि प्रार्थना सुरू केली. आदल्या दिवशी ते राउंडनंतर दाखल झालेले, त्यामुळे त्यांना हे नवीन. डोळे उघडले तर त्यांनी मास्क काढून छातीवर ठेवलेला.

"मॅडम, किती वेळ आहे माह्याकडे?"

"कसला वेळ? मास्क लावा."

"पलटणीत एक जोडीदार होता. पादरीसाहेबानं त्याच्या डोक्यावर असाच हात ठेवला. अर्ध्या तासात गेला जी तो. मले माहीत आहे हे कवा करतात. मले घरी जाऊ द्या. मरतो तं माह्या वावरात मरतो."

मी घाईनं म्हटलं, "अहो, मी सगळ्यांसाठीच करते."

पलीकडच्या खाटेवरचे सुभेदार मान वर करून म्हणाले, "म्हणजे आमचंही झालं का मॅडम?"

आज हसू येतं. तेव्हा नाही आलं. ऑक्सिजन ब्याऐंशीवर उतरला होता. मी मास्क लावायचे, ढोबळे काढायचे. अंगात ताकद नव्हती, पण हट्ट फौजीचा. मी वॉकी-टॉकी उचलला.

"वॉर्ड टू डॉक्टर. खाट नऊ. सॅच्युरेशन ब्याऐंशी. पेशंट मास्क ठेवत नाही."

"पालथं झोपवा. आयसीयूत बेड बाराच्या आधी नाही. तोवर तुम्हालाच टिकवायचंय. ओव्हर."

पालथं झोपवायचं म्हटल्यावर ते खाटेची दांडी धरून बसले. साळवे वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला होता. येऊन उभा राहिला. मला वाटलं आता तो समजावेल. त्यानं फक्त विचारलं, "नाईकसाहेब, पालथं काहून नाही झोपत?"

ढोबळे धापा टाकत बोलले. "पालथा झोपलो तं गादी दिसंल. मरताना मानसाचं तोंड दिसावं."

मी इतका वेळ त्यांना आदेश देत होते, धीर देत होते. हा साधा प्रश्न मला सुचला नव्हता.

"मॅडम, तुमी जरा बाजूले व्हा," साळवे म्हणाला. रँकनं बोलायचं तर हे चुकीचंच. मी बाजूला झाले.

त्यानं एक चादर खाटेलगत जमिनीवर टाकली आणि उताणा झोपला. सूट, दोन मास्क, तोंडावरची प्लास्टिकची ढाल, सगळ्यासकट. "आता या काठावर. मान बाहेर काढा. दिसून राहिलो का मी?"

ढोबळ्यांनी वाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग दांडी सोडली. मी आणि आणखी एका शिपायानं त्यांना पालथं केलं, छातीखाली उशी, डोकं काठाशी, मास्क घट्ट.

"बोलायचं नाही," खालून साळवे म्हणाला. "हो असंल तं एक बोट, नाही असंल तं दोन. मिरची यंदा लावली?"

एक बोट.

"बायको पाहून राहिली का वावर?"

एक बोट.

"तुमच्यापेक्षा चांगलं पाहते?"

थोडं थांबून एक बोट. सुभेदारांच्या खाटेवरून हसण्याचा आवाज आला.

आठ पन्नास, चौऱ्याऐंशी. सव्वानऊ, सत्त्याऐंशी. दहा वाजता नव्वद. साळवे खालीच. मिरची संपली तेव्हा तो स्वतःच्या कोंबड्यांवर आला. एक कोंबडी शेजारच्या घरीच कशी अंडी घालते आणि त्यावरून बायका कशा भांडतात, हे त्यानं इतकं लांबवलं की मला वाटलं हा आता भारत-पाकिस्तानपर्यंत नेतो. सव्वाअकराला उठला तेव्हा त्याला भिंत धरावी लागली. सूटच्या बाहीतून घाम ओघळत होता. बाराला आयसीयूचा बेड रिकामा झाला. तो दुसऱ्या पेशंटला गेला, ढोबळ्यांना लागला नाही.

दोनला बाहेर आल्यावर पाणी पिताना मी विचारलं, "साळवे, तिथे खाली पडून मनात प्रार्थना करत होता का?"

"नाही मॅडम. पुढं काय बोलू, हेच सुचून नव्हतं राहिलं."

"मग प्रार्थना करता तरी कधी?"

"घरून करून येतो. इथं पेशंटले भेव लागते."

टोमणा नव्हता तो. असता तर बरं झालं असतं, मी उलट बोलले असते. दुसऱ्या दिवशी मी सुभेदारांना आधी विचारलं. ते म्हणाले, "प्रार्थना राहू द्या मॅडम, पाठ खाजवून द्या, हात पोचत नाही." मी खाजवून दिली. पुढे जमिनीवर झोपणं ही आमच्या वॉर्डाची रीतसर ड्युटी झाली. ड्युटी चार्टवर साळवेनंच रकाना आखला, पाऊण-पाऊण तासाचा. माझं नाव मी त्यात घातलं.

ढोबळे सतराव्या दिवशी पायांनी चालत गेटपर्यंत गेले.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात साळवेला ताप आला. कुठून लागलं ते कोणी सांगू शकत नाही आणि मी शोधतही नाही. आमच्याच वॉर्डात, खाट चार. पालथं झोपवलं तेव्हा चादर मी टाकली. पंचावन्न वर्षांची बाई, उठताना दोघांनी धरावं लागायचं. मोठ्यानं प्रार्थना मी केली नाही. एकदा विचारलं, "करू का?" त्यानं दोन बोटं दाखवली आणि डोळ्यांनी हसला. मग थोड्या वेळानं आपणहून एक बोट. तेव्हा केली, हळू आवाजात, त्याच्यापुरती. पाचव्या दिवशी दुपारी दोन चाळीसला तो गेला. माझी ड्युटी संपली होती, पण मी खालीच होते; समोर माणसाचं तोंड होतं. एवढं मी त्याच्या बायकोला खात्रीनं सांगू शकले.

हवालदार सायमन साळवे. वय एकेचाळीस. कोणाला धर्माचा एक शब्द सांगताना मी त्याला कधी ऐकलं नाही. येशूबद्दल मी लहानपणापासून जे पाठ केलं, ते मला दिसलं मात्र त्याच्या ड्युटीवर.

पहिल्या वर्षी ढोबळे बायकोला घेऊन कबरीवर आले. टोपी काढून हातात घेतली. मग हळूच म्हणाले, "मॅडम, आमच्यात उदबत्ती लावतात. इथं चालते का?" मी म्हटलं चालते. वारा होता, तीन काड्या वाया गेल्या. शेवटी साळवेच्या बायकोनं पदराचा आडोसा धरला.

दर नोव्हेंबरात, आपल्या मृतांच्या स्मरणदिनाला, आम्ही तिघं-चौघं जाऊन कबर साफ करतो. यंदा पाऊस फार झाला, गवत आत्ताच गुडघ्याला लागतंय, अन् माझी कंबर आता वाकू देत नाही. सुट्टी काढ अन् लवकर ये वं, नोव्हेंबरची वाट पाहू नकोस. खुरपी माझ्याकडे दोन आहेत.