भरमा आणि पायऱ्यांची विहीर

चिकोडीपासून दोन कोसांवरच्या एका खेड्यात भरमा राहत असे. एकोणीसशे सत्तावीस सालच्या उन्हाळ्यात त्याच्या घोट्यातून नारू, म्हणजे हातभर लांब जंत, बाहेर आला. वैदू तो पांढरा दोरा काडीवर गुंडाळून ओढू लागला, आणि दोरा आतच तुटला. पाय भोपळ्यासारखा सुजला. चार महिने अंथरुणात गेले, पेरणी बुडाली, गुडघा कायमचा आखडला.

दवाखान्यातल्या कंपाउंडरनं त्याला नारूवरचं एक चोपडं दिलं होतं. मराठी तिसरी शिकलेल्या भरमानं पडल्या पडल्या अक्षर अक्षर लावून ते वाचलं, आणि त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नारू देवीच्या कोपानं होत नाही! नारूवाला विहिरीत पाय बुडवतो, नारूची पिल्लं पाण्यात सुटतात, ती बारीक किड्यांच्या पोटात जातात, आणि तेच पाणी आपण पितो. फडक्यातून गाळलं की झालं.

"माझा बाप ह्यातच सडून मेला," तो बायकोवर ओरडला. "हे छापून ठेवलंय, आणि एकानं सांगितलं न्हाय!"

"मग माझ्यावर कशाला वरडता? मी लपवलं व्हय?" आक्काताई म्हणाली.

काठी टेकत तो शेजारी पारिसाकडं गेला. जैनाचं घर, न गाळलेलं पाणी तिथं कुणी ओठाला लावत नसे.

"पारिसाअण्णा, तुमच्यात कुणाला नारू झालता?"

"न्हाय बा. धर्माची पुण्याई."

"पुण्याई आसंल, पर फडकं बी हाय!"

त्या दिवसापासून घरात पाणी गाळलं जाऊ लागलं. भरमा स्वतः गावच्या विहिरीच्या पायऱ्यांवर काठी घेऊन बसे आणि नारूवाल्याला खाली उतरू देत नसे. पाटील गरजला, "विहीर तुझ्या बापाची हाय काय रं?"

"बाप तिच्यापायीच गेला. म्हंजे माझीच की!"

पुढच्या उन्हाळ्यात आक्काताईच्याच पायातून नारू निघाला. गाव पोट धरून हसलं. भरमानं चोपडं भिंतीवर भिरकावलं. मग दात खात तेच उचलून पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मधल्या पानावर होतं : पोटात गेल्यावर नारू बाहेर यायला साधारण वर्ष लागतं.

"हे गेल्या सालचं पाणी हाय!"

आक्काताई कण्हत म्हणाली, "मग आनखी एक साल गाळू."

एकोणतीस साली त्याच्या घरात कुणालाच नारू झाला नाही. पाटलाच्या घरात मात्र दोघं आडवे झाले. तेव्हा कुठं पायऱ्या बुजल्या आणि वर रहाट बसला. भरमाला शाबासकी कुणी दिली नाही. त्यानंही मागितली नाही.

वाचायची खोड मात्र लागली ती लागली. दर बाजाराला तो कंपाउंडरकडं नवं चोपडं मागे : कधी देवी रोगावरच्या टोचणीचं, कधी गुरांच्या रोगांचं, कधी खताचं. गोठ्यातली जनावरं वाचली, जोंधळा वाढला, पण राग उतरला नाही. हे आधी कळलं असतं तर जगलं असतं, असं कुणीतरी मेलेलं माणूस त्याला प्रत्येक पानावर दिसे. एकदा तो थेट शाळेत शिरला.

"मास्तर, पोरास्नी ह्यातलं का शिकवत न्हाय?"

मास्तर चपापले. पण चोपडं त्यांनी ठेवून घेतलं, आणि शनिवारी वर्गात मोठ्यानं वाचलं. भरमा खिडकीबाहेर उभा राहून, कुठं चुकतात का, ते ऐकत होता.