अण्णांची गोटी

परक्या घरात पाऊल टाकलं की अण्णा आधी खिशातून काचेची गोटी काढायचे आणि हॉलच्या मधोमध फरशीवर ठेवायचे. गोटी घरंगळली की घर नापास. मग घरमालकाला वाईट वाटू नये म्हणून हसून म्हणायचे, "नोडोण, नोडोण." म्हणजे कन्नडमध्ये 'बघू'. मालकाने समजून दुसरं गिऱ्हाईक शोधावं.

तुमच्याही ओळखीत असं एक माणूस असेल, ज्याला घेतल्याशिवाय कुणी घर बघायला जात नाही आणि ज्याचं ऐकून कुणी घर घेत नाही. आमच्या विद्यानगरात ते अण्णा. हायस्कुलात विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. माझं घर त्यांनी पाच मिनिटांत नापास केलं. मी ते घेतलंच. आजही आमच्याकडे हातातून लिंबू पडलं की थेट फ्रिजखाली जातं.

स्वतः अण्णा मात्र पंचवीस वर्षं शेजारी भाड्याने राहिले. तिथल्या मालकाची भिंतीला खिळा मारायला सक्त मनाई. कॅलेंडर खिडकीच्या गजाला, देवांच्या तसबिरी कपाटावर टेकवलेल्या. त्यांच्या बायकोला आम्ही अक्का म्हणायचो. त्या मला म्हणायच्या, "बंगला नको रे बाबा. आपला खिळा आपण मारावा, एवढी भिंत मिळाली की बास."

केशवापूरचं एक घर अक्कांना फार आवडलं. तिथे तर गोटीही हलली नाही! अक्का स्वयंपाकघरात जाऊन डबे कुठे ठेवायचे ते ठरवू लागल्या. अण्णांनी नळ सोडून पाहिला, पाणी कितव्या दिवशी येतं ते शेजाऱ्यांना विचारलं. मग किल्लीने भिंत वाजवत, कान लावत फिरले. "प्लास्टरात नुसती वाळू आहे. नोडोण."

परतताना रिक्षात अक्का गप्प होत्या. मी घरी येऊन भडकलो. "अण्णा, घरात राहायचंय का त्याची परीक्षा घ्यायचीय?"

"जन्मात एकदाच घेणार बघ," ते हळूच म्हणाले. "फसलो तर ही तोंडातून शब्द काढायची नाही. तेच सोसायचं नाही मला." त्या दिवशीही अक्कांनी शब्द काढला नव्हता, हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

मागच्या वर्षी अण्णा गेले. काही महिन्यांनी अक्कांनी केशवापूरचं तेच घर घेतलं, नळसुद्धा न सोडता. राहायला गेल्या त्या सकाळी मला हातोडी घेऊन बोलावलं. पहिला खिळा अण्णांच्या फोटोसाठी.

दुसऱ्याच घावाला भाकरीएवढं प्लास्टर खाली आलं. मागोमाग वाळू गळत राहिली. मला कुठे बघावं कळेना.

अक्का आधी हसल्या, मग पदर डोळ्यांना लावला. "ह्यांनी सांगितलं होतं की रे!"

फोटो त्यांनी खुर्चीवर ठेवला. कमरेची किल्ली काढली आणि शेजारच्या भिंतीला कान लावून, अगदी अण्णांसारखं, टकटक वाजवू लागल्या. मी हातोडी धरून उभा राहिलो.