तांब्याचा धागा

सुशीलाबाईंचे यंत्रमाग भंगारात गेले, तेव्हा मीच त्यांना आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत बोलावलं. फेकलेल्या चार्जरमधली केसासारखी तार आणि गिरणीतलं वाया गेलेलं सूत एकत्र पिळून त्या वीज वाहून नेणारा धागा करतात. त्या धाग्याने विणलेल्या सदऱ्यावर काल छोटा दिवा लागला. आज सदरा धुतला आणि दिवा लागेना.

"धुण्यात टिकत नाही, ते कापड कसलं, सर?" त्या हळूच म्हणाल्या.

टाकलेलं सगळं पुन्हा कामाला लावता येतं, असं मी किती सहज सांगत आलो. बाईंनी नवी तार घेतली आणि बोटांनी सरळ करू लागल्या. धाग्याचा हा प्रकल्प बंद झाल्याचं, त्यांना अजून न दाखवलेलं पत्र माझ्या खिशात होतं.